एक खोली मागून घे

चि. लेखिकाबाई,

नाव मुद्दाम घालत नाही. आपला धंदा लहान आहे आणि पत्रांना पाय फुटतात.

परवा फोनवर तू बराच वेळ चॅनेलच्या लोकांना शिव्या दिल्यास. त्या मी मन लावून ऐकल्या, एकदोन नव्या होत्या. पण शेवटी जे विचारलंस त्याचं उत्तर दिलं नाही, कारण माझा आवाज चढला असता आणि तू उगाच घाबरली असतीस. आता लिहिते. जिल्हा रुग्णालयातल्या वॉर्डवर तू विनोदी मालिका लिहिते आहेस. सहाव्या भागात तो तंबाखूवाला म्हातारा ऑपरेशनच्या टेबलावर जातो. क्रिएटिव्हची मंडळी म्हणतात, तिथेही मागे हशा आणि ते 'टुंईं' वाजलं पाहिजे, नाहीतर प्रेक्षकाचा मूड तुटतो. आणि तू मला विचारतेस, ताई, ऐकू की सोडून देऊ?

ऐकू नकोस आणि इतक्यात सोडूही नकोस. एक खोली मागून घे.

ही खोली माझ्या डोक्यात कुठून आली ते तुला ठाऊक आहे. 'मॅश' बघ, 'मॅश' बघ म्हणून मी तुझं डोकं खाल्लं. तू दोन भाग बघितलेस आणि 'फार जुनं दिसतं हो' म्हणून बंद केलंस. दिसणारच जुनं. सप्टेंबर १९७२ मध्ये सुरू झालेली मालिका ती. कोरियाचं युद्ध, तंबूंचं लष्करी इस्पितळ, चिमुकल्या हेलिकॉप्टरच्या दोन्ही अंगांना बांधून आणलेले जखमी, आणि कोपरापर्यंत रक्तात हात घातलेले डॉक्टर. ते सारखे विनोद करतात, कारण थांबले तर वेडे होतील. सीबीएस चॅनेलनं लॅरी गेल्बार्ट या लेखकाला आणि जीन रेनॉल्ड्स या निर्मात्याला बजावलं, अर्ध्या तासाची कॉमेडी आहे, मागे हशा पाहिजे. त्या काळात अमेरिकेत बहुतेक सगळ्यांनाच घालावा लागायचा. चार्ली डग्लस नावाच्या साउंड इंजिनिअरनं त्याचं यंत्रच करून ठेवलं होतं. बटण दाबलं की खुसखुस, दुसरं दाबलं की गडगडाट. गेल्बार्टला ते मुळीच नको होतं. आणि खरंच, कोरियाच्या डोंगरात कुठले प्रेक्षक खुर्च्या टाकून बसले होते?

आता नीट वाच. गेल्बार्टनं मालिका सोडली नाही आणि मानही तुकवली नाही. मेसमध्ये, कर्नलच्या ऑफिसात, डॉक्टरांच्या त्या घाणेरड्या तंबूत तुमचा हशा घाला, ऑपरेशनच्या खोलीत घालायचा नाही, असं ठरवून घेतलं. एवढंच. पोटात छर्रे घुसलेला पोरगा टेबलावर आहे आणि मालिकेचा नायक डॉक्टर हॉकआय त्याच्यावर ओणवून काहीतरी टवाळ बोलतो, तेव्हा मागे कुणी हसत नाही. फक्त अवजारांचे आवाज. तोच विनोद बाहेर ऐकला तर हसू येतं, आत ऐकला की पोटात कालवतं. संवाद तोच लेखक लिहितो, नट तोच, फरक त्या खोलीचा.

आणि खोली वाढते, हे तुझ्या पिढीला कळत नाही. तुम्हाला सगळं घर पहिल्याच दिवशी पाहिजे. १९७४ मध्ये, तिसऱ्या वर्षी, त्यांनी एक अख्खा भाग ऑपरेशनच्या खोलीतच घडवला. नावही तेच, 'ओ.आर.'. करार होताच, त्यामुळे त्या पूर्ण भागात हशा नाही. चौथ्या वर्षी एक भाग काळापांढरा केला, एक बातमीदार तंबूतल्या लोकांच्या मुलाखती घेतो आहे असा, त्यातही नाही. पुढे हशाचा आवाज आपोआप बारीक होत गेला. २८ फेब्रुवारी १९८३ च्या अडीच तासांच्या शेवटच्या भागात तो नव्हताच, आणि तो भाग अमेरिकेत दहा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. कुणाचा मूड तुटला ग? विचार तुझ्या त्या क्रिएटिव्ह बाईला.

ब्रिटनमध्ये बीबीसीनं ही मालिका मुळातच हशाशिवाय दाखवली. डीव्हीडीवर तर दोन्ही सोयी आहेत, हशासकट आणि हशाविना. माझा संच घेऊन जा, एकच भाग दोन्ही तऱ्हांनी बघ, आणि मग मला सांग 'जुनं दिसतं' म्हणून.

मी ती पाहिली न्यू जर्सीत. यजमान नोकरीसाठी तिथे गेले होते, मला काम करायची परवानगी नव्हती, बाहेर बर्फ आणि घरात टीव्ही. जुने भाग रोज संध्याकाळी दाखवत. पहिले काही महिने मला निम्मे विनोद कळत नसत. हशा वाजला की कळायचं, इथे काहीतरी झालं. म्हणजे त्या यंत्राचा मला उपयोग झाला, हे मी नाकारत नाही. पण खोलीत गेलं की तो आधार सुटायचा आणि मग मी चेहरे बघायचे. नर्स मार्गारेटचे मास्कवरचे डोळे, फादर मुल्केही कोपऱ्यात उभा, आणि आल्डाचे हात. माझं इंग्रजी हशानं सुधारलं असेल. लिहायला मी त्या खोलीत शिकले.

ॲलन आल्डा. तुझ्या वयाच्या मुलींना तो म्हणजे कुठल्यातरी सिनेमातला पांढऱ्या केसांचा आजोबा. आम्हाला तो हॉकआय पिअर्स. लांब नाक, लांब हात, तोंडाला ब्रेक नाही. संहिता त्याच्या हातात पडली तेव्हा तो युटाच्या तुरुंगात एका टीव्हीपटाचं चित्रीकरण करत होता. संहिता त्याला अतिशय आवडली, तरी हो म्हणायला तयार नव्हता. युद्ध हे नुसतं मागच्या पडद्यावरचं चित्र आणि पुढे पोरांच्या खोड्या, असलं काही मी करणार नाही, हे त्याला आधी बोलायचं होतं. तालमी सुरू व्हायच्या आदल्या रात्री तो गेल्बार्ट आणि रेनॉल्ड्स यांना भेटला, बोलणं झालं, मग सही. आदल्या रात्री, पोरी! तुम्ही चाळिसाव्या भागाला येऊन रडता की माझं पात्र बदललं.

आणि घर. आल्डा न्यू जर्सीतच राहायचा, लिओनिया नावाच्या गावात. चित्रीकरण कॅलिफोर्नियात, बायको आणि तीन मुली इकडे. शनिवार-रविवारी तो देश ओलांडून घरी यायचा, अकरा वर्षं. मी यजमानांना उगाच लिओनियावरून गाडी घ्यायला लावायचे. कधी दिसला नाही. पण पोरांना शाळेतून उचलायचं म्हणून मीटिंग सोडून उठताना मला कधी लाज वाटली नाही, त्यात त्या माणसाचा वाटा आहे. तू लग्नाचं विचारत होतीस ना? त्यावर माझं एवढंच.

भक्त नाहीये मी. शेवटच्या काही वर्षांत मालिका प्रवचनाकडे झुकली, आणि आल्डा स्वतः लिहायला आणि दिग्दर्शनाला लागल्यावर हॉकआय जरा जास्तच शहाणा झाला. ज्या 'इंगा' भागाच्या लेखनासाठी त्याला १९७९ चं एमी मिळालं आणि बक्षीस घ्यायला जाताना त्यानं कोलांटी मारली, तो मला सपक वाटतो. कोलांटी छान होती. अभिनय, लेखन आणि दिग्दर्शन या तिन्हींसाठी एकाच मालिकेत एमी मिळवणारा तो पहिला, तरी मला तो गेल्बार्टच्या चार वर्षांतला आवडतो. तेव्हा त्याला दुसऱ्याचे शब्द होते आणि तो ते ऐकत ऐकत बोलायचा.

आणखी एक, सेटवरचं. दोन शॉटच्या मध्ये ही मंडळी आपापल्या गाड्यांत जाऊन बसत नसत. खुर्च्यांचं रिंगण करून एकमेकांची टर उडवत बसत आणि हाक आली की त्याच लयीत कॅमेऱ्यासमोर जात. तुझ्या सेटवर शॉट संपला की पाच दारं पाच व्हॅनिटींत बंद होतात, मी पाहिलं आहे. लेखिका म्हणून तू ते थांबवू शकत नाहीस. तू स्वतः मात्र खुर्ची टाकून बाहेर बस.

आता ज्या भागासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं तो. १८ मार्च १९७५. इस्पितळाचा प्रमुख कर्नल हेन्री ब्लेकची नोकरी संपते, तो घरी चाललाय. ते काम करणारा मॅक्लीन स्टीव्हन्सन मालिका सोडणार होता, तेव्हा निरोपाचा भाग लिहायचा होता. सगळा भाग हास्यविनोद, दारू, मिठ्या, नवा कोरा सूट, हेलिकॉप्टर. मग शेवटचा सीन. ऑपरेशनची खोली. रडार, तो कारकून पोरगा, मास्क न लावता आत येतो आणि तार वाचतो. हेन्रीचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणी वाचलं नाही. बहुतेक कलाकारांना हे पान आधी दिलंच नव्हतं, चित्रीकरणाच्या वेळी दिलं. पहिला टेक तांत्रिक अडचणीनं पुन्हा घ्यावा लागला, दुसऱ्यात सगळे गप्प असताना कुणाच्या तरी हातून एक अवजार खाली पडलं. ठरवलेलं नव्हतं. त्यांनी तो आवाज ठेवला. आणि मग डॉक्टर शिवत राहतात, कारण टेबलावर माणूस आहे.

प्रेक्षकांची संतापाची पत्रं आली, ढिगानं. लोक म्हणाले, आम्ही कॉमेडी बघायला बसतो. पण दीड महिन्यात व्हिएतनाममध्ये सायगाव पडलं, आणि त्या प्रेक्षकांतल्या किती घरांत तसली तार येऊन गेलेली होती. मालिका कोरियाची, पण बघणारे व्हिएतनामचे होते.

हा सीन मेसच्या तंबूत घेतला असता तर? विचार कर. अडीच वर्षं त्यांनी प्रेक्षकाच्या कानाला सवय लावली होती की या खोलीत हसायचं नाही. म्हणून रडार आत पाऊल टाकतो तेव्हाच छातीत धस्स होतं, त्यानं तोंड उघडायच्या आधी. ती सवय तू पहिल्या भागापासून लावायचीस, सहाव्या भागात येऊन 'इथे जरा गंभीर घ्या हं' म्हणून होत नाही. हशा रश्श्यासारखा असतो, वाटी दिली नाही तर ताटभर पळतो आणि मग भातही त्याचाच, श्रीखंडही त्याचंच. पहिल्या भागात ऑपरेशनची खोली नुसती दिसते ना? तिथूनच हशा बंद. म्हणून म्हणते, एक खोली मागून घे, आणि आजच माग.

माझं तुला माहीत आहे, निदान लोकांनी सांगितलेलं माहीत आहे. मंगल कार्यालयावरची ती मालिका. मी आचाऱ्याची कोठी मागून घेतली होती. मुलगा गेलेला आचारी दुसऱ्यांच्या लग्नाचे लाडू वळतो, आणि त्या कोठीत हशा नाही, ही माझी अट. शब्द मिळाला होता. शब्द देणारा माणूस दुसऱ्या चॅनेलला गेला आणि नवीन आलेल्यानं एडिटवर हशा चढवला. लाडू हातातून सुटतो तिथे 'धप्प' आणि वर खिदळणं. त्या नटाचा मला रात्री फोन आला. नाटकातला जुना माणूस, तक्रार करणाऱ्यांतला नव्हे. म्हणाला, बाई, मी रडत होतो हो तिथे. दुसऱ्या दिवशी मी काम सोडलं.

लोक म्हणतात, ताठ होती, म्हणून पुढे कामं मिळाली नाहीत. कामं मिळाली नाहीत हे खरं आहे. यजमानांच्या पगारावर घर चाललं आणि त्यांनी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही, ते मात्र मला आजही टोचतं. त्या मालिकेचं पुढे चांगलं झालं, माझ्या जागी आलेला मुलगा हुशार होता, मी बघायचे. तरीही सांगते, आज तोच फोन आला तर आजही सोडेन. मी भांडण उकरलं नव्हतं. मी एक खोली मागितली होती, ती दिली होती, आणि ती त्यांनी मोडली. सोडायचं ते तेव्हा. मागायच्या आधी नाही आणि मोडल्यावर थांबायचंही नाही. हे वाचून तुला वाटेल ताई स्वतःचंच सांगतायत. हो, सांगतेय. दुसऱ्या कुणाचं सांगू?

म्हणून खोली कागदावर घे. तोंडी शब्द चॅनेलच्या माणसाबरोबर बदली होऊन जातो. मीटिंग झाली की त्याच संध्याकाळी मेल टाक: आज ठरल्याप्रमाणे ऑपरेशन थिएटरच्या कुठल्याही सीनला हशा, इफेक्ट, विनोदी पार्श्वसंगीत नसेल. एक ओळ. निर्मात्याला प्रत, एडिटरला प्रत. एडिटरला विसरू नकोस, बटण त्याच्या बोटाखाली असतं.

दुसरी गोष्ट, वॉर्डात जाऊन बस. तुझे पहिले पाच भाग चांगले आहेत, पण त्यातली परिचारिका मला सीरियलमधली वाटते. गेल्बार्ट आणि रेनॉल्ड्स स्वतः कोरियाला गेले, कोरियात काम केलेल्या डॉक्टरांच्या आणि नर्सच्या मुलाखती घेतल्या, टेपवर. त्यातून भाग निघाले. मुळात ज्या कादंबरीवरून हे सगळं आलं तिचा लेखकही त्या युद्धात असल्याच एका इस्पितळात सर्जन होता. ज्याला खोलीचा वास माहीत आहे त्यालाच कळतं की तिथे काय हसण्यासारखं आहे.

आणि आपल्याकडे हे नाही असं समजू नकोस. कोरियाच्या युद्धात भारतानं लढाऊ फौज पाठवली नाही, इस्पितळ पाठवलं. साठावी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली. डिसेंबर १९५० मध्ये चिनी फौजांच्या रेट्यापुढे प्योंगयांगमधून माघार सुरू झाली, आणि आपल्या लोकांना सांगितलं की वाहनं नाहीत, सामान टाकून निघा. त्यांनी टाकलं नाही. यार्डात एक जुनं वाफेचं इंजिन सापडलं. रांग लावून हातोहात बादल्यांनी त्यात पाणी भरलं, इंजिन चालवता येणारे जवान आपल्यातच निघाले, आणि सगळी शस्त्रक्रियेची सामग्री घेऊन ती गाडी नदीपलीकडे गेली. पूल त्यानंतर थोड्याच वेळात उडवला गेला. पुढच्या मार्चमध्ये मुनसानला हेच डॉक्टर अमेरिकन छत्रीधारी फौजेबरोबर विमानातून खाली उडी मारून उतरले. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. आणि युद्ध थांबल्यावर, १९५३ मध्ये, मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या हजारो युद्धकैद्यांवर पहारा ठेवायला जी भारतीय फौज गेली तिचे प्रमुख आपले कोल्हापूरकडचे जनरल शंकरराव थोरात. 'मॅश'च्या तंबूपासून हे सगळं फार लांब घडलेलं नाही. मला ते त्या मालिकेत कधी दिसलं नाही, म्हणून मी लिहायचं ठरवलं.

प्रस्ताव केला होता मी. बादल्यांच्या रांगेपासून सुरुवात, तेरा भाग. बादल्यांची रांग किती गमतीची आहे आणि किती भयंकर आहे, दोन्ही एकाच वेळी! एका चॅनेलवर मी तो वाचून दाखवला. समोरचा तरुण शेवटपर्यंत ऐकत होता, आणि मग म्हणाला, मॅडम, युद्ध आहे तर पाकिस्तान कुठे आहे? मी फाइल बंद केली. ती माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे. तुझी ही मालिका नीट पार पडली, आणि ती खोली तू राखलीस, तर घेऊन जा. नाही राखलीस तर मागू नकोस.

आल्डाचं एक सांगायचं राहिलं. २००३ मध्ये तो विज्ञानाच्या एका कार्यक्रमासाठी चिलीत होता आणि त्याच्या आतड्याला पीळ पडला. ला सेरेना नावाच्या शहरात रात्री डॉक्टर त्याला सोप्या भाषेत समजावू लागला, खराब झालेला तुकडा काढतो आणि चांगली टोकं जोडतो. आल्डा म्हणाला, म्हणजे तुम्ही एंड-टू-एंड ॲनास्टोमोसिस करणार. डॉक्टर चकित, तुम्हाला कसं माहीत? तर 'मॅश'वर अशा कितीतरी केल्या आहेत! हे तो स्वतः सांगतो. अकरा वर्षं खोट्या पोटांत हात घातले, पण शब्द खरा शिकला होता. तुझ्या सहाव्या भागातला सर्जन 'पेशंट क्रिटिकल आहे' याच्यापलीकडे काही बोलत नाही. त्याला काय क्रिटिकल आहे ते माहीत पाहिजे, निदान तुला तरी.

सोमवारी मीटिंगला जाताना राजीनामा लिहून नेऊ नकोस, तुझी सवय मला माहीत आहे. रडूही नकोस. बाकीचा हशा त्यांना देऊन टाक, मेसमध्ये, ओपीडीच्या रांगेत, कँटीनच्या वड्यावर, हवा तेवढा. 'टुंईं'सुद्धा दे. एक खोली मागून घे, आणि ती मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नकोस.

सहाव्या भागाची नवी प्रत रविवारी दुपारपर्यंत पाठव, म्हणजे मला वाचायला रात्र मिळेल. आणि म्हातारा भुलीच्या आधी जी चार वाक्यं बोलतो त्यातली शेवटची दोन काप. मुलाचं नाव घेतो तिथेच थांबव. पुढचं तू प्रेक्षकासाठी लिहिलं आहेस, त्याच्यासाठी नाही.

तुझी,
ताई